हुकाच्या तोंडावरचा दोरा

धाकट्या दिरांनी मोबाइल माझ्यापुढे धरला तेव्हा मी ओसरीत तूर पाखडत बसले होते.

"वयनी, हे जरा वाचून सांगा. सारं इंग्रजीत हाय. कंपनी बरी हाय का नाही, एवढंच सांगा."

"कशाची कंपनी?"

"हुकाची. आपला हूक त दादानंच बाद केलता. चैत लागला, लोक फोन करून राह्यले. हुकाबिगर मशीन उभी कशी करू?"

दादा म्हणजे माझा नवरा. त्याला जाऊन पाच महिने झाले होते. कावीळ साधी वाटली आणि साधी निघाली नाही, यवतमाळच्या दवाखान्यात अकरा दिवस काढून तो गेला. त्यानंतर मी वाचायची खूप. शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं, किराणा बांधून आलेले कागद, त्याच्या औषधांच्या खोक्यांत राहिलेल्या बारीक अक्षरांच्या घड्या. डोळे ओळींवरून फिरायचे आणि पान उलटलं की मागचं काही उरायचं नाही.

आमच्या घरचा धंदा विहिरी खोल करण्याचा. मी दिग्रसला शाळेत शिकवते, पण घर चाललं ते पुष्कळसं त्या मशीनवर. लोखंडी पायांचा सांगाडा, डिझेलचं इंजिन, तारेचा दोर, दोराच्या टोकाला हूक आणि हुकात अडकवलेला लोखंडी डबा. सुरुंगाने फोडलेला दगड त्या डब्यातून वर येतो. माणसंही त्याच डब्यात उभी राहून खाली जातात आणि वर येतात. चाळीस-पन्नास फुटांवर लोंबणाऱ्या माणसाचा सगळा भरवसा त्या एका हुकावर असतो. जुन्या हुकाचं तोंड झिजून पसरलं होतं. गेल्या हंगामाच्या शेवटी नवऱ्याने त्यावर लाल रंगाची रेघ ओढून तो बाजूला टाकला होता.

मी मोबाइल हातात घेतला. वेबसाइट देखणी होती. वरच मोठ्या अक्षरांत 'तीन टन' लिहिलेलं. खाली 'पंचवीस वर्षांचा विश्वास'. पिवळ्या रंगाच्या प्रमाणपत्राचा फोटो, पाच-पाच चांदण्या दिलेले ग्राहकांचे अभिप्राय, एका लांबलचक कारखान्याचं चित्र. आणि मधोमध डोक्यावर पांढरं हेल्मेट घातलेला एक माणूस, हात बांधून हसत उभा. त्याच्या पुढच्या दोन दातांत फट होती. माझ्या नवऱ्याच्याही होती. त्या माणसाखाली लिहिलं होतं, की आम्ही आपल्या माणसांना सुखरूप घरी पोचवतो.

मी त्या फोटोकडे किती वेळ पाहत होते, सांगता येणार नाही.

"काय म्हनता मंग?" दिरांनी विचारलं.

"बरी वाटते कंपनी," मी म्हणाले.

"मागवू?"

"मागवा."

एवढंच झालं. मुलांच्या वह्या तपासतानासुद्धा मी एका उत्तरावर याहून जास्त वेळ घालवते.

आठवड्याभरात पार्सल आलं. हूक चकचकीत होता, निळ्या रंगाने रंगवलेला. दिरांनी तो उचलून फिरवून पाहिला, मामांना दाखवला. मामा म्हणजे आमच्याकडचे सगळ्यांत जुने कामगार, मूळचे बाभुळगावकडचे. नात्याने कुणाचे मामा नव्हते, पण सगळे त्यांना तसंच म्हणायचे. नवऱ्यासोबत त्यांनी वीस-बावीस वर्षं विहिरी उतरल्या होत्या. मामांनी हूक उलटासुलटा केला, अंगठ्याने घासला.

"रंग झ्याक हाय," ते म्हणाले. "रंगाखाली काय हाय ते हूकच जाने."

"मामा, तुमाले त नव्या नवरीतही खोट दिसते," दीर हसले.

"नवरीवर कोनी लोंबत नाही, बाबू."

तिसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅक्टरला मशीन जोडून ते निघाले. काम आर्णीच्या अलीकडच्या एका गावात होतं. ती विहीर नवऱ्याने गेल्या वर्षी अर्धी खोल केली होती. पाऊस लागला म्हणून काम थांबलं, मग तो आजारी पडला. शेतमालक दुसऱ्या कुणाला न बोलावता थांबून राहिला होता. मी भाकऱ्या बांधून दिल्या, ट्रॅक्टर वळणापलीकडे गेला, मी आत आले.

देवघराशेजारच्या टोपलीत सरकी काढलेला कापूस होता. वाती वळण्यासाठी मी तो ठेवते. त्या टोपलीकडे नजर गेली आणि मी उभ्या जागी थांबले. यंदा कुणी दोरा मागितला नव्हता.

तो दोरा काय, ते सांगायला हवं. नवा हूक आणला की माझा नवरा त्यात डबा अडकवायचा, डब्यात नेहमीच्या दुप्पट दगड भरायचा आणि विहिरीच्या काठावर, जमिनीपासून हातभर उंच, दिवसभर टांगून ठेवायचा. दगड भरण्याआधी हुकाच्या टोकापासून दांड्यापर्यंत, म्हणजे हुकाच्या उघड्या तोंडावर आडवा, तो एक कापसाचा दोरा ताणून बांधायचा. कच्चा, एकपदरी, हाताने वळलेला. वजनाने हुकाचं तोंड जवभर जरी पसरलं तरी तो दोरा तुटायचा. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट दोऱ्याला कळायची. दोरा तुटला की हूक बाद. संध्याकाळपर्यंत टिकला, की मग माणूस खाली जायचा, आणि आधी कोण जाणार याचाही नियम होता: ज्याने आणलं त्याने आधी उतरायचं. हूक त्यानेच आणलेला असायचा, म्हणून आधी तोच उतरायचा.

दरवर्षी चैत्रात तो मला म्हणायचा, "मास्तरीनबाई, दोरा द्या." मी मांडीवर वळून द्यायची. त्यापलीकडे मला त्या धंद्यातलं काही कळत नव्हतं.

आणि मी 'बरी वाटते' म्हणाले होते.

मी दिरांना फोन लावला. बंद. मामांकडे फोन नव्हता. त्या शिवारात फोन लागत नाही, हे मला नवऱ्याच्या वेळेपासून माहीत होतं. मी माझ्या मोबाइलवर ती वेबसाइट उघडली आणि यावेळी पहिल्या शब्दापासून वाचायला बसले. मुलांना धडा शिकवायच्या आधी वाचते तशी, बोट ठेवून.

पंचवीस वर्षांचा विश्वास वर होता. 'आमच्याविषयी'च्या पानावर कंपनी सुरू होऊन सहा वर्षं झाल्याचं होतं. कारखान्याचा फोटो मोठा करून पाहिला. पत्ता आपल्याकडच्याच एका तापणाऱ्या शहरातला आणि फोटोतल्या छपराच्या कडेला बर्फ साचलेला. अभिप्राय चार होते. दोन जणांनी अक्षरन् अक्षर सारखं लिहिलं होतं. तिसऱ्याने हूक घेतल्यावर लिहिलं होतं, की रंग छान आहेत, मुलांना फार आवडलं.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

प्रमाणपत्राचा फोटो मी बोटांनी ताणत गेले. अक्षरं फुटत होती, तरी वस्तूच्या रकान्यातलं वाचता आलं. ते प्रमाणपत्र फाटकाच्या बिजागरीचं होतं.

मग तीन टन. त्या आकड्याशेजारी एक बारीक फुली होती. ती मला पहिल्या वेळी दिसलीही नव्हती. पानाच्या अगदी तळाशी, राखाडी अक्षरांत, त्या फुलीचा खुलासा होता: हा भार म्हणजे वस्तू ज्या वजनाला तुटते तो भार. कामासाठी किती वजन लावायचं, तो रकाना तक्त्यात होता, पण रिकामा होता. मी दुसऱ्या दोन-तीन कारखान्यांची पानं उघडून पाहिली. तिथे दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिलेले होते आणि कामाचा आकडा तुटण्याच्या आकड्याच्या चौथा-पाचवा हिस्सा होता. माणसं न्यायची असतील तर त्याहूनही पुष्कळ कमी.

म्हणजे आम्ही मरणाचा आकडा वाचून हूक घेतला होता. तोही खरा असेल तर.

शेवटी मी तो हसणारा माणूस शोधला. शाळेतल्या तरुण शिक्षकाने एकदा दाखवलं होतं, फोटोवरून तोच फोटो आणखी कुठे आहे ते कसं पाहायचं. तो माणूस फरशीच्या जाहिरातीत होता. एका विम्याच्या पानावर होता. परदेशातल्या कुठल्याशा रंगाच्या दुकानात होता. सगळीकडे तेच हेल्मेट, तीच हाताची घडी, दातांतली तीच फट. त्याने कधी कुणाला सुखरूप घरी पोचवलेलं नव्हतं. मी मात्र त्याच्या भरवशावर दिरांना धाडलं होतं.

दहा वाजता मी कंपनीला फोन लावला. उचलणारा माणूस गोड बोलत होता.

"मॅडम, पूरे इंडिया में जाता है हमारा माल. एक भी कंप्लेंट नहीं."

"इस हुक पर आदमी उतरता है. कुएँ में. चलेगा?"

"वो तो मॅडम, आप कैसे यूज करते हो, आपके ऊपर है."

"आप लिखकर दीजिए, कि आदमी के लिए चलेगा. या लिखकर दीजिए कि नहीं चलेगा."

"लिखकर क्या देना मॅडम? वेबसाइट पे सब लिखा तो है."

मी आणखी एकदा विचारलं. त्याने साहेब बाहेर गेलेत म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

मी शाळेला रजा कळवली, टोपलीतला कापूस घेतला. बस येईपर्यंत स्टँडच्या बाकावर बसून दोरा वळला. शेजारची बाई म्हणाली, "देवाले नेता काय वात?" मी हो म्हटलं. आर्णीकडे जाणारी बस भरून आली. उभी राहूनच गेले. प्रत्येक थांब्यावर कंडक्टर उतरून कुणाशी तरी बोलत होता आणि मला त्याची घंटा हिसकावून आपणच दोनदा वाजवावी असं वाटत होतं. फाट्यावर उतरले तेव्हा साडेबारा झाले असतील. पुढे चार किलोमीटर. गावाकडे निघालेल्या एका दुधवाल्याने गाडीवर घेतलं.

"कोनाच्या इथं जाता, बाई?"

"विहिरीचं काम चालू आहे तिथे. लवकर चला."

"इंजिनाचा आवाज येऊन राह्यला ना, म्हंजे चालू हाय," तो म्हणाला. तोच आवाज मला ऐकवत नव्हता.

बांधावरून मला सगळं दिसलं. मशीन उभी होती. भरलेला डबा काठावर हातभर उंच टांगलेला होता. म्हणजे वजन लावलं होतं. मामा सावलीत बसले होते, दीर हातपाय धुऊन डोक्याला रुमाल बांधत होते. दोन कामगार डब्यातले दगड काढायला पुढे झाले होते.

"थांबा!" मी ओरडले. वर्गातसुद्धा मी कधी ओरडत नाही.

दीर वळले. "वयनी? तुमी काहून आल्या? घरी सारं ठीक ना?"

"उतरू नका. त्या कंपनीचं खरं नाही. मी नीट वाचलं नव्हतं."

मी धापा टाकत जमेल तसं सांगितलं. बिजागरी, बर्फ, तुटण्याचा आकडा. उन्हात उभं राहून ते बोलताना माझं मलाच ते पुस्तकी वाटत होतं. शेतमालक कपाळावर हात धरून ऐकत होता. दीर अवघडले. परक्यासमोर वहिनी अशी धावत आलेली, कामगार पाहताहेत.

"वयनी, फोटो खोटा असन. हूक त समोर हाय ना? दादाची परीक्षा घेतली आपन. सकाळपासून दुप्पट दगड हायेत डब्यात. दोरा पाहा, जसाच्या तसा. आता जेवन झालं की उतरतो मी."

मी हुकाजवळ गेले. दोरा होता खरा. हुकाच्या तोंडावर ताणून बांधलेला, न तुटलेला. मी त्याला बोट लावलं. तो गुळगुळीत होता.

"हा कशाचा दोरा आहे?"

"नायलॉनचा. पक्का हाय. कापसाचा कच्चा असते वयनी, हात लागला तरी तुटते. तुटला की पुन्हा सारं उतरवा, पुन्हा बांधा. म्हनून पक्का लावला."

मामा सावलीतून उठले. त्यांनी जवळ येऊन तो दोरा दोन बोटांत धरला, ओढला. तो रबरासारखा थोडा लांबला आणि सोडल्यावर आपल्या जागी गेला.

"अरे बाबू," मामा हळू आवाजात म्हणाले, "जो तुटाले पाहिजे तोच तू न तुटनारा लावला."

"मामा, तुमी त इथंच होते. तवा काहून नाही बोलले?"

"माझे डोये कुठं राह्यले? मले दोरा दिसला, मले वाटलं बाईनं देला."

ते मला सर्वांत जास्त लागलं. बाईने दिला असता, पण बाईला कुणी मागितला नाही आणि बाईच्याही लक्षात आलं नाही.

मी माझ्याजवळचा दोरा पुढे केला. "दगड उतरवा. हा बांधा. पुन्हा भरा."

"आता? ऊन पाहा. दिवस जाईन साऱ्याचा," दीर म्हणाले. "वयनी, हे शाळा नाही का पुन्हा परीक्षा घ्या म्हनायले. नियमानं हूक मी आनला, मी उतरतो. झालं."

"हूक मी आणला," मी म्हणाले. "तुम्ही मला विचारलं, मी मागवा म्हणाले. नियम लावायचा तर मी उतरते. काढा दगड, मी बसते डब्यात."

मी खरंच डब्याकडे गेले. भीती इतकी होती की पायाखालची ढेकळं जाणवत नव्हती. दिरांनी मामांकडे पाहिलं. मामांनी कामगारांकडे पाहून मान हलवली. "उतरवा रे दगड."

दोरा मामांनीच बांधला, नवरा बांधायचा तसा, टोकाला दोन वेढे देऊन. डबा जमिनीवर टेकवून पुन्हा दगड भरायला तास गेला. मग इंजिन सुरू झालं, दोर ताणला, डबा उचलला गेला, इंजिन बंद झालं. आम्ही सगळे निंबाखाली बसलो. शेतमालकाच्या घरून ताक आलं. कुणी फारसं प्यालं नाही. मी दोऱ्यावरून नजर काढत नव्हते. मनात मात्र एक लाजिरवाणी गोष्ट चालली होती: मला तो टिकावासा वाटत होता. टिकला असता तर माझं 'बरी वाटते' खरं ठरलं असतं आणि सगळे हसून उतरले असते.

आवाज आला नाही. दोऱ्याचा मधला भाग किंचित विरल्यासारखा वाटला, मग दोन टोकं दोन्हीकडे लोंबू लागली. वाऱ्याने तुटला असेल असं म्हणायलासुद्धा वारा नव्हता.

दीर उठले. त्यांनी हुकाच्या तोंडात बोटं घालून माप घेतलं. सकाळी तिथे त्यांची तीन बोटं घट्ट बसली होती. आता शेजारी काडी मावत होती. मग रुमाल सोडून त्यांनी तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिले.

"लाल रंग आना," मामा म्हणाले.

लाल रंग नव्हता. शेतमालकाच्या घरातून कुंकू आणलं, तेलात कालवलं आणि दिरांनी निळ्या हुकावर रेघ ओढली.

मशीन तिथेच ठेवून आम्ही परत आलो. पुढचे काही दिवस मी शाळेतून आल्यावर हूक बनवणाऱ्यांची पानं वाचत होते. आता फोटो पाहत नव्हते. तक्ते पाहत होते, तळाची बारीक अक्षरं पाहत होते. शेवटी एका कारखान्याचं पान सापडलं. दिसायला ते फारच ओबडधोबड होतं. एकही हसणारा माणूस नाही, चांदण्या नाहीत, हाताने काढलेल्या आकृत्या वाकड्या छापलेल्या. मी त्यांना तेच विचारलं, यावेळी पत्र लिहून. तुमच्या हुकावर माणूस विहिरीत उतरला तर चालेल का? कामाचा भार किती? आमच्या हातात येणारा हूक तुम्ही तपासला आहे, हे आम्हाला कसं कळेल?

चार दिवस उत्तर आलं नाही. दीर म्हणाले, "हेही तसलेच." पाचव्या दिवशी आलं. मी मोठ्याने मराठीत वाचून दाखवलं. तुम्ही विचारलेला हूक मालासाठी आहे, माणसासाठी वापरू नका. त्याच्यापेक्षा दोन माप मोठा घ्या, तोंडाला आपोआप बंद होणारी पट्टी असलेला, आणि त्यावर तक्त्यातल्या भाराच्या निम्माही टाकू नका. प्रत्येक हुकावर नंबर ठोकलेला असतो, तो कळवा, म्हणजे त्याच हुकाच्या चाचणीचा कागद पाठवू. आणि हूक कोणाचाही असो, उतरणाऱ्याच्या कमरेला वेगळा दोर बांधून तो वेगळ्या खुंट्याला अडकवा.

"हे त घेऊच नका म्हनून राह्यले," दीर म्हणाले.

"लहान हूक घेऊ नका म्हणताहेत."

"आपला माल घेऊ नका असं कोनी लिहून देते काय?"

"त्या आधीच्या कंपनीने 'चालेल' असंसुद्धा लिहून दिलं नाही," मी म्हणाले.

मामा कोपऱ्यात बिडी विझवत होते. "याह्यच्याच कारखान्याचा आना," ते म्हणाले.

हूक आला तो काळा, खरबरीत, तेलकट. मानेवर नंबर ठोकलेला होता. तो मी कळवला, कागद आला, नंबर जुळला. तरी मी दोरा वळला. तरी दुप्पट दगड दिवसभर टांगले. संध्याकाळी दोरा जसाच्या तसा होता, इतका की मामांनी फुंकर मारली तेव्हा तो थरथरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर कमरेला दोर बांधू लागले. मी म्हणाले, "यावेळी तर हूक नक्की मीच आणला."

"वयनी, मस्करी नका करू. बाई मानूस कधी उतरलं हाय काय विहिरीत?"

"नियमात बाई-माणूस नाही. तुमच्या दादांनी केलेला नियम आहे."

त्यांनी मामांकडे पाहिलं. त्यांना वाटलं मामा मला अडवतील. मामांनी दिरांच्या हातातला दोर घेतला, माझ्या पदराला गाठ मारून दिली आणि कमरेला दोर बांधला. गाठ तीनदा ओढून पाहिली. "तारेले धर, डब्याले नको धरू," ते म्हणाले. "अन् खाली पाहू नको. भिंतीकडं पाह्य."

डबा हलला तेव्हा माझ्या तोंडून एक आवाज निघाला, तो मी इथे लिहीत नाही. मग काठ वर गेला. भिंत जवळून सरकू लागली. आधी बांधलेले दगड, मग मुरूम, मग काळा पाषाण. थंडावा आला, सुरुंगाच्या दारूचा जुना वास आला. मी मामांनी सांगितल्याप्रमाणे भिंतीकडे पाहत होते, म्हणून मला ते दिसलं. पांढऱ्या तेलरंगात, एकाखाली एक, आकडे होते. एकतीस. चौतीस. छत्तीस. दर दिवशी काम संपलं की किती फूट झालं ते नवरा भिंतीवर लिहून ठेवायचा, हे मला ऐकून माहीत होतं. पाहिलं नव्हतं. त्याचा चार खालून उघडा राहायचा, घरच्या कॅलेंडरवरही तसाच असायचा.

शेवटचा आकडा तळापासून पावलाभर उंच होता. डबा त्याच्यासमोर आला तेव्हा मी वर ओरडून थांबा म्हटलं. इंजिनाचा आवाज बारीक झाला.

"वयनी, ठीक हाय ना?" दिरांचा आवाज आला. "किती लिहिलं हाय दादानं?"

मी आकड्यावर हात ठेवला. रंग कोरडा होता, काठाला थोडा पोपडा सुटला होता.

"त्रेचाळीस," मी ओरडले.

मामा तारेच्या दोरावर मारलेल्या फुटांच्या खुणा दिरांकडून मोजून घेत असणार. मी डब्याची तार धरून थांबले. मग त्यांचा आवाज आला, विहिरीत घुमत.

"त्रेचाळीसच हाय, बाई. बराबर."